चंबळच्या टोळ्या ‘संघटित गुन्हेगारी’त बसतात का? (पीएचडीसाठी मदत हवी)

मृणाल_लष्कर
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातच वाढले. समाजशास्त्रात एमए झालं, आता पीएचडीला नोंदणी करते आहे. विषय साधारण असा: १९५० नंतर चंबळ खोऱ्यातले गुन्ह्याचे धंदे कसे बदलत गेले. मागच्या आठवड्यात आराखडा मांडला तेव्हा समितीतल्या एका सरांनी विचारलं, “डाकू म्हणजे डाकू. बीहडात, त्या दऱ्याखोऱ्यांत, पाच-पंचवीस माणसं बंदुका घेऊन फिरतात, त्याला संघटित गुन्हेगारी कोणत्या आधारावर म्हणता?” मी घाईघाईत माफियाबद्दल काहीतरी बोलले, पण उत्तर जमलं नाही हे माझं मलाच कळत होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा मांडायचं आहे.

तर प्रश्न दोन. या टोळ्या संघटित गुन्हेगारीत बसतात का? आणि जे लपूनछपूनच चालतं, त्याची माहिती आणायची कुठून? आपल्यात चंबळ भागातल्या भिंड-मुरैनेत नोकऱ्या केलेली बरीच घरं आहेत, म्हणून इथे विचारते.

गजकप्रेमी
मुरैनेची गजक (तिळाची मिठाई) संघटित आहे एवढं खात्रीने सांगतो. थंडी पडली की सगळी दुकानं एका दिवशी भाव वाढवतात. बाकी वाचतोय.

नयाबाजारच्या_मावशी
मृणाल, तुझं कौतुक वाटतं, पण काळजीही वाटते गं. हे लोक गेले असले तरी त्यांची मुलंनातवंडं आहेत, त्यांच्याशी ज्यांची वैरं होती तीही आहेत. घरच्यांना सांगितलं आहेस ना? एकटी कुठे जाऊ नकोस.

मृणाल_लष्कर
मावशी, बाबांना सगळं माहीत आहे. भिंडला जाईन तेव्हा ते सोबत येणार आहेत.

वकील_दौलतगंज
कायद्यापुरतं सांगतो. आकडे लक्षात ठेव: पाच, तीन, दोन.

दरोड्याला पाच माणसं लागतात. पूर्वी भादंवि ३९१ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१०. चार जणांनी लुटलं तर ती जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. संयुक्त राष्ट्रांचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा पालेर्मो करार डिसेंबर २००० चा. भारताने तो २०११ मध्ये मान्य केला. त्यात तीन किंवा जास्त माणसं, काही काळ टिकलेला गट, चार वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे आणि आर्थिक किंवा तसाच लाभ, अशी व्याख्या आहे. आपल्या संहितेच्या कलम १११ मध्ये मात्र दोनच माणसांची ‘सिंडिकेट’ होते. अट अशी की मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. मसुदा बराचसा महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोकावरून उचललेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू.

चंबळचे मोठे डाकू माधोसिंग-मोहरसिंग यांच्या टोळ्या या तिन्हींत आरामात बसल्या असत्या. खंडणीसाठी अपहरण, वर्षानुवर्षं टिकलेली टोळी, पैशाचा लाभ, सगळं आहे. सरांना हेच सांग आणि मोकळी हो.

मृणाल_लष्कर
धन्यवाद काका. पण अडचण तिथेच आहे. दोन माणसं आणि दोन आरोपपत्रं एवढ्यावर कोणीही बसतं. कायद्याला खटला चालवायचा असतो, त्याला तेवढं पुरतं. मला समजून घ्यायचं आहे की मोबाईल चोरणारी जोडी आणि अख्ख्या तालुक्याला धाकात ठेवणारी टोळी यांत फरक नेमका कशाने पडतो.

वकील_दौलतगंज
मुद्दा मान्य. एक पुरवणी. लगेच पुढचं कलम ११२, ‘किरकोळ संघटित गुन्हा’. त्यात खिसे कापणं, तिकिटांचा काळाबाजार, सट्टा यांच्या रांगेत परीक्षेचे पेपर विकणंही घातलंय. व्यापमचा परीक्षा घोटाळा पाहिलेल्या आपल्या मध्य प्रदेशात ‘किरकोळ’ हा शब्द वाचून मला वाईट वाटलं. २०१३ मध्ये इंदूरला दुसऱ्याच्या नावावर पीएमटी (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) द्यायला आलेली मुलं पकडली गेली तिथून ते उलगडलं, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. डमी परीक्षार्थी, दलाल, आतला माणूस, पैसे देणारे पालक. एवढी शिस्त बीहडातल्या टोळीतही नसेल.

इंदूरकर_अर्थशास्त्र
मृणालचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी फार चांगला हाताळलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

थॉमस शेलिंग, ज्यांना पुढे २००५ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी हाच सवाल केला होता. त्यांचं म्हणणं असं: घरफोड्यांच्या टोळ्या कितीही नीट बांधलेल्या असोत, त्या संघटित गुन्हेगारी नव्हेत, कारण एक घरफोड्या दुसऱ्याला “माझ्या परवानगीशिवाय या मोहल्ल्यात चोरी करायची नाही” असं म्हणत नाही. ज्या दिवशी कोणी असं म्हणू लागतो आणि ते चालवूनही दाखवतो, त्या दिवशी संघटित गुन्हेगारी सुरू होते. म्हणजे माणसं किती, बंदुका किती, हे गौण. त्या भागावर हुकमत कोणाची, हे मुख्य. आणि अशी हुकमत आधी कोणावर बसते? जो पोलिसांत जाऊ शकत नाही त्याच्यावर. सट्टेवाला, चोरटी दारू गाळणारा.

नंतर १९९३ मध्ये दिएगो गांबेत्ता या समाजशास्त्रज्ञाने सिसिलीचा अभ्यास करून पुढचं पाऊल टाकलं. तो म्हणाला, माफिया मुळात माल विकत नाही, संरक्षण विकतो. जिथे कोर्टकचेरीवर भरवसा नाही आणि एकमेकांवरही नाही, तिथे घोडा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही मधे एक दमदार माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माफिया.

तेव्हा मृणाल, तुझ्या सरांचा संशय बरोबर असू शकतो. चंबळमध्ये एका वेळी डझनभर टोळ्या होत्या. त्यांनी संरक्षण विकलं का? हद्दी वाटून घेतल्या होत्या का? तसं नसेल तर ते मोठ्या प्रमाणावरचे दरोडेखोरच.

कंपूतले_काका
इंदूरकरांनी विचारलंय म्हणून घरातली एक गोष्ट लिहितो. नावं लिहीत नाही.

माझे थोरले मामा मुरैनेत सरसूच्या तेलघाणीवर मुनीम होते. १९६९ च्या हिवाळ्यात मालकाचा मुलगा आणि मामा, दोघांना जौऱ्याच्या रस्त्यावर उचललं. आमच्या इकडे अशा धरलेल्या माणसाला ‘पकड’ म्हणतात. मामा तेवीस दिवस पकड होते. मारलं नाही, पण रोज रात्री जागा बदलायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून चालवायचे. मामा सांगायचे की टोळीतली निम्मी पोरं तापाने फणफणलेली, पायांत फाटके जोडे, दोन-दोन दिवस नुसते भाजलेले चणे.

चिठ्ठी कोण घेऊन आला? गावातलाच एक प्रतिष्ठित माणूस. लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसणारा. पैसे त्यानेच नेले, माणसं त्यानेच आणली. रकमेतला त्याचा वाटा ठरलेला होता आणि ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. काडतुसंही त्याच्याच कोणा नातलगामार्फत जायची असं बोललं जायचं. सुटका झाल्यावर तो मालकांना म्हणाला, “आता दोन सालं तुमच्या घाणीकडे कोणी बघणार नाही.” आणि खरंच कोणी बघितलं नाही.

१९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर शेकडो बागींनी (बंडखोरांनी, म्हणजे डाकूंनी) शस्त्रं ठेवली. मामा मुद्दाम बघायला गेले होते. परत येऊन आजीला म्हणाले, “सगळे दिसले, फक्त तो चिठ्ठीवाला दिसला नाही.” तो कशाला असेल? त्याने बंदूक कधी हातात धरलीच नव्हती.

इंदूरकर_अर्थशास्त्र
काका, अंगावर काटा आला. “दोन सालं कोणी बघणार नाही” हे वाक्य म्हणजे संरक्षणाची विक्री आहे, आणि विकणारा बीहडात नव्हता, बाजारात होता!

शिवपुरीकर
एका मामांवरून सिद्धांत उभा करू नका. आमच्या आजोळी उलट झालं. एका टोळीला धान्य आणि पैसे पोचवले, सहा महिन्यांत दुसरी आली. पहिलीचं नाव सांगितलं तर त्यांनी आणखी मारलं. म्हणजे हमी वगैरे काही नव्हतं, ज्याची बंदूक समोर त्याचं राज्य. शिवाय टोळ्या जातीवर बांधलेल्या. अमुक टोळीचं अमुक जातीच्या गावांत जेवणखाण, बाकीच्या गावांवर दहशत. इटलीच्या चष्म्यातून हे दिसणार नाही.

कंपूतले_काका
शिवपुरीकर, तुमचंही खरं असणार. मुरैनेचा बाजार आणि शिवपुरीचं जंगल यांत फरक आहेच. बाजारात पैसा फिरता होता, म्हणून तिथे दलाल टिकला.

दतियाची_लेक
जातीचा मुद्दा आला म्हणून. ‘बागी’ आणि ‘डाकू’ या दोन शब्दांवरच एक प्रकरण होईल. टोळीचा सरदार मानसिंग याला १९५५ मध्ये पोलिसांनी मारलं, आणि त्याच्या गावी, आग्रा जिल्ह्यात, त्याचं देऊळ आहे. इतिहासकार एरिक हॉब्सबॉमने अशा माणसांना ‘सामाजिक दरोडेखोर’ म्हटलं: सरकारच्या लेखी गुन्हेगार, गावाच्या लेखी अन्यायाविरुद्ध उठलेला. १९७२ मध्ये डच मानववंशशास्त्रज्ञ अँटन ब्लोकने त्याला हरकत घेतली. त्याचं म्हणणं, दरोडेखोर टिकतो तो वर कोणीतरी जमीनदार, पुढारी पाठीशी असतो म्हणून, आणि बऱ्याचदा तो गरिबालाच दाबतो. लोकगीतातला दयाळू दरोडेखोर ही लोकांची इच्छा आहे, तो माणूस नव्हे.

मला ब्लोक पटतो. पण फूलनदेवीचं काय करायचं? १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमई गावात वीस माणसं मारली गेली, आरोप तिच्या टोळीवर; दोन वर्षांनी भिंडला मुख्यमंत्री अर्जुनसिंहांसमोर तिने शरणागती पत्करली, १९९६ मध्ये मिर्झापूरहून खासदार झाली. तिच्यावर जे झालं ते वाचून नुसतं ‘गुन्हेगार’ म्हणवत नाही. आणि बेहमईच्या विधवांसमोर उभं राहून ‘बागी’ही म्हणवत नाही. मृणाल, तू कोणता शब्द वापरणार आहेस ते आधी ठरव.

गजकप्रेमी
आमच्या काकांची वरात १९७० साली भिंडला गेली तेव्हा बँडवाल्यांनी अट घातली होती की अंधार पडायच्या आत वाजवणार. मुहूर्त गोरज, वरात दुपारी तीनला. काकू अजून म्हणते, माझं लग्न डाकूंनी लावलं.

जुनी_कागदपत्रं
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेलं नाही, म्हणून लिहितो. माहिती कुठून आणायची?

या विषयाचा अभ्यास आपल्याच भागात सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल. ठगांच्या, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांच्या, मागे लागलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन १८४३ ते १८४९ इथे ग्वाल्हेरला रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) होता. त्याआधी जबलपुरात बसून त्याने ठगांच्या वंशावळी काढल्या, त्यांच्या गुप्त बोलीचा कोश १८३६ मध्ये छापला. त्याच वर्षीच्या कायद्याने नुसतं ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. कृत्याऐवजी सदस्यत्वाला शिक्षा, ही कल्पना आजच्या कायद्यांतही दिसते. वकीलकाकांना पटेल.

आता ही सगळी माहिती आली कुठून? माफीच्या साक्षीदारांकडून. ज्याचा गळा फासापासून वाचतो तो जोवर नवी नावं देत राहील तोवर, त्याची जबानी. म्हणून आज इतिहासकार भांडतात. काही म्हणतात ठगी ही बरीचशी इंग्रजांची कल्पना. काही म्हणतात, वाटमारे खरेच होते, खूनही खरे, पण कालीच्या नावाने चालणारा देशभरचा पंथ वगैरे फुगवलेलं. मी दुसऱ्या बाजूला आहे. या फुगवण्याची किंमत पुढे कोणी मोजली? १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटल्या, म्हणून विमुक्त. आजही पारध्याच्या पोराला ठाण्यात आधी बोलावतात.

अमेरिकेत हेच घडलं. १९६३ मध्ये माफियातलाच एक, जोसेफ वलाची, सिनेट समितीपुढे बोलला, आणि त्याच्या जबानीवर व पोलिसांच्या कागदांवर भिस्त ठेवून समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसीने अमेरिकन माफियाचं एखाद्या कंपनीसारखं चित्र काढलं: वर साहेब, खाली हुद्दे. नंतरच्या अभ्यासकांनी ते फार आखीवरेखीव आहे म्हणून मोडून काढलं.

मृणाल, पोलिसांची फाइल बघ, पण ती कोणी, कोणासमोर, कशाच्या बदल्यात बोललेली आहे ते प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लिहून ठेव. ठगी आणि दरोडे खात्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते खातं १९०४ पर्यंत चाललं.

वकील_दौलतगंज
सदस्यत्वाचा मुद्दा शंभर टक्के. जोड देतो: पालेर्मोचा न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने. १९८४ पासून बुशेत्ता हा माफियातलाच माणूस त्याच्यापुढे बोलला तेव्हा माफियाची आतली रचना बाहेर आली. पण फाल्कोने त्याच्याही आधीपासून बँकांचे चेक गोळा करत होता. कोणी कोणाला कधी किती दिले. माणूस जबानी फिरवतो, चेक फिरवता येत नाही. १९९२ मध्ये त्याला उडवलं, पण पद्धत राहिली. मृणाल, जमिनीच्या नोंदी बघ. १९७२ नंतर कोणाची पक्की घरं झाली, कोणाला ठेके मिळाले.

पेशवाई_प्रेमी
स्लीमनच्या आधी पेंढारी होते हे विसरू नका. मोठी फौजच ती.

इंदूरकर_अर्थशास्त्र
होय, आणि त्यांचा शेवट बघा. अमीरखानाशी इंग्रजांनी १८१७ मध्ये तह केला, तो टोंकचा नवाब झाला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपुराकडे जमीन मिळाली. चितू जंगलात पळाला, त्याला वाघाने खाल्लं. तिघांचा धंदा एकच. चार्ल्स टिली या समाजशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये लिहिलं की राज्य उभारणं आणि संघटित गुन्हेगारी यांची कृती सारखीच: धाक दाखवा, संरक्षण द्या, वसुली करा. टोंककडे पाहून ते पटतं.

पेशवाई_प्रेमी
शिंदे-होळकरांना याच न्यायाने मोजणार का? पगारी फौज आणि लुटारू यांत फरक आहे. हे मला अजिबात मान्य नाही.

दतियाची_लेक
पेशवाईप्रेमी, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन भांडायला. इथे मृणालचे पंधरा दिवस चाललेत.

बानमोरचा_अभियंता
मी पंचवीस वर्षं ग्वाल्हेरजवळच्या बानमोरच्या कारखान्यात काढली. १९५० ते आज म्हणालीस म्हणून ‘आज’बद्दल सांगतो.

आता बीहडात कोणी नाही. आता ट्रॅक्टर आहेत. पहाटे तीन-चारला हायवेवर रेतीच्या ट्रॉल्यांची रांग, दिवे बंद. चंबळमध्ये घडियालांसाठी (सुसरींसाठी) अभयारण्य आहे, नदीतून रेती काढायला बंदी आहे, तरी ग्वाल्हेरात घरं बांधली जातात ती कोणत्या रेतीने? दगडाचंही तेच. ८ मार्च २०१२ ला बानमोरला एका तरुण आयपीएस अधिकाऱ्याला बेकायदा दगडाच्या ट्रॅक्टरने चिरडलं. होळीचा दिवस होता. संध्याकाळी कॉलनीत एकाही घरात रंग नव्हता, ते मी विसरू शकत नाही.

कंपूतल्या काकांची गोष्ट वाचली आणि वाटलं, ट्रॅक्टर चालवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे तेच फाटके जोडेवाले. ट्रॉली कोणाची, पुढे जाऊन ‘रस्ता मोकळा आहे’ असा फोन करणारा मोटारसायकलवाला कोणाचा, नाक्यावर बोलणं कोण करतो, हे त्या पोरालाही धड माहीत नसतं.

शिवपुरीकर
हे मात्र शेलिंगच्या व्याख्येत बसतं, मी मान्य करतो. परक्याने आपली ट्रॉली त्या घाटावर लावून दाखवावी. संध्याकाळपर्यंत जळेल.

नयाबाजारच्या_मावशी
मृणाल, रेतीच्या भानगडीत पडू नकोस बाई. जुनं लिही. मेलेल्या माणसांचं लिही.

बानमोरचा_अभियंता
मावशींशी मी सहमत आहे, निदान अर्धा. घाटावर जाऊन प्रश्न विचारणारा माणूस इथे एकाच नावाने ओळखला जातो: मुखबिर, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या. डाकूंच्या काळात मुखबिरीच्या नुसत्या संशयावर माणसं मारली गेली. आणि तुझ्यापेक्षा जास्त धोका तुझ्याशी बोलणाऱ्याला. तू ग्वाल्हेरला परत येशील, तो तिथेच राहणार.

मृणाल_लष्कर
सगळं दोनदा वाचलं. काल रात्री आराखडा फाडून नव्याने लिहायला बसले.

सरांचा प्रश्न मी चुकीच्या जागी उभी राहून ऐकत होते. ‘टोळी संघटित होती का’ याचं उत्तर टोळीत शोधत होते: सरदार कोण, किती बंदुका, हुद्दे काय. शिवपुरीकरांचं ऐकल्यावर वाटतं की नुसत्या टोळ्यांबद्दल सर बरोबर आहेत. त्या आपसांत भांडत होत्या, कोणाचीच हमी चालत नव्हती. पण पकडीचा धंदा मात्र बांधलेला होता. चिठ्ठी, मध्यस्थ, काडतुसं, वाटा, दोन सालांचा शब्द. बंदुकवाले मरत गेले, शरण गेले, मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती करू लागले. मधला माणूस जागेवर राहिला. म्हणून आता विषय ‘चंबळमधला मध्यस्थ, १९५० ते १९८५’ असा करते आहे.

रेती मी घेणार नाही. मावशींसाठी, आणि अभियंताकाकांनी शेवटी लिहिलं त्यासाठी. माझ्या पदवीसाठी घाटावरच्या कोणाला किंमत मोजावी लागू नये. दतियाच्या ताई, शब्दाबद्दल: बोलणारा जो शब्द वापरेल तो त्याच्या तोंडी तसाच ठेवीन, माझ्या वाक्यात ‘टोळी’ एवढंच लिहीन.

काका, एक विचारू का? ती चिठ्ठी कोणी जपून ठेवली असेल का?

दतियाची_लेक
‘टोळी’ चालेल.

वकील_दौलतगंज
मुरैना आणि भिंडच्या कोर्टांत अपहरणाच्या खटल्यांत अशा चिठ्ठ्या पुराव्यात लागायच्या. जुने निकाल मिळाले तर त्यांत मजकूर उतरवलेला सापडेल. नकलेचा अर्ज कसा करायचा ते मी सांगतो, बाबांना घेऊन ये ऑफिसात.

कंपूतले_काका
मृणाल, मामा नव्वदीत आहेत, आमच्याकडेच असतात. आत्ता विचारून आलो. चिठ्ठी मालकांनी जाळली म्हणतात. पण घाणीची त्या सालची रोकडवही मामांनी नोकरी सोडताना मागून घेतली होती. माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, मुडी या व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत. त्यात रक्कम ‘धर्मादाय’ म्हणून मांडली आहे आणि पुढे ज्याला दिली त्याचं नाव आहे. नाव झाकूनच वापरायचं, ही मामांची अट.

रविवारी ये. दोन ते चार झोपतात, त्यानंतर. जरा मोठ्याने बोलावं लागेल.

जुनी_कागदपत्रं
मुडी मला वाचता येते. काका, मीही आलो तर चालेल ना?